गाडी बंद करू नकोस

"चोक पुरता ओढलायस का?" मी विचारलं.

"ओढलाय गं. पार बाहेर आलाय." विदूनं पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खर्र खर्र करत चार वेळा कण्हलं, एकदा शिंक अडकल्यासारखं झालं आणि गप्प बसलं.

सकाळचे पावणेसात वाजले होते. साल एक्क्याण्णव, जानेवारीचा दुसरा आठवडा. निफाडकडची थंडी तिथं राहिल्याशिवाय कळायची नाही. ओट्यावरच्या बादलीतल्या पाण्यावर सायीएवढा बर्फाचा पापुद्रा धरला होता. घराच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा. घड गारठू नयेत म्हणून बागवाल्यांनी रात्रभर शेकोट्या धुमसत ठेवल्या होत्या. माणसं पहाटेच घरी गेली होती, धूर तेवढा जमिनीला धरून मागे राहिला होता. त्या धुरात विदूची पांढरी गाडी उभी होती आणि मागच्या सीटवर माझी बॅग.

विदू म्हणजे माझा धाकटा भाऊ, विद्याधर. रोह्याला टायपिंगचा क्लास चालवायचा. मला न्यायला आदल्या संध्याकाळी आला होता. गाडी त्यानं गावातल्या डॉक्टरांकडून घेतली होती, डॉक्टरांनी ती आणखी कुणाकडून तरी. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली ती जुनी गाडी रोह्याच्या दमट हवेत नीट चालायची. थंडी तिला ठाऊक नव्हती, आणि पेट्रोल कुठून घालतात यापलीकडे विदूला काही ठाऊक नव्हतं.

"किती वाजता येतात ते?" त्यानं विचारलं.

"पाळी आठला सुटते. सव्वाआठला दारात."

"मग आहे वेळ." त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. या खेपेला आवाज जरा संथ वाटला.

'ते' म्हणजे माझा नवरा, प्रल्हाद. तेव्हा मी त्याचं नाव घेत नसे, आता घेते. जवळच्या साखर कारखान्यात होता. गाळप जोरात चालू होतं आणि त्या आठवड्यात त्याची बारा ते आठची पाळी होती. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आठ दिवस जाऊन येते, असं मी घरात सांगितलं होतं. ऑपरेशन खरं होतं. आठ दिवस खोटे होते. मी परत येणार नव्हते, आणि हे विदूखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

प्रल्हाद मला मारत नव्हता. पीत नव्हता. हे आधीच सांगते, कारण सगळे तेच आधी विचारायचे. तो माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच. आदल्या फेब्रुवारीत नणंदेच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, आचाऱ्यानं त्याला काहीतरी विचारलं. मी चार बायकांत हसत म्हणाले, "त्यांना विचारून काय उपयोग? मला विचारा." बायका हसल्या. तो हसला नाही. त्या दिवसापासून अकरा महिने त्यानं माझ्याशी एक शब्द काढला नव्हता. घरात तिघंच, तो, मी आणि माझे सासरे आप्पा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी समोर उभी राहून वाढत असले तरी तो म्हणायचा, "आप्पा, मीठ द्यायला सांगा." मी माफी मागून पाहिली, भांडून पाहिलं, दोन दिवस जेवले नाही. चिठ्ठ्या लिहिल्या. त्या तो वाचायचा, नीट घडी घालायचा आणि फडताळात ठेवून द्यायचा. माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, "पुरुषाचा राग गं. उतरेल."

त्यात मे महिन्यात आप्पांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, बोललेलं कुणाला कळेना. चार महिने मी त्यांना आरशासमोर बसवून क, का, कि, की म्हणवून घेतलं. एकेका अक्षराला त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पलीकडे प्रल्हाद तोंड मिटून पेपर वाचत बसलेला असायचा. दिवाळीपर्यंत आप्पा समजेलसं बोलायला लागले.

"शैले, पेट्रोलचा वास येतोय बघ," विदू म्हणाला.

तेवढ्यात दार करकरलं. माकडटोपी घातलेले आप्पा काठीवर भार देत, डावा पाय ओढत ओट्यावर आले. ते उठायच्या आत निघायचा माझा बेत होता. नऊ वाजता पलीकडच्या वस्तीवरची बाई येऊन त्यांचं बघणार होती. मी रात्रीच त्यांच्या पाया पडून घेतलं होतं.

"हात लावू नको," ते विदूला म्हणाले. "किती वेळा मारला सेल्फ?"

"पंधरा-वीस वेळा असेल, आप्पा."

"मग? बुडालं ना सगळं पेट्रोलमधी." ते जरा थांबले. मोठं वाक्य बोललं की त्यांना दम खावा लागे. "शैला, पेटी आण माझी."

आप्पांची तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली होती. हत्यारांची पेटी त्यांच्या खाटेखाली असायची. झटका आल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. मी ती फरफटत बाहेर आणली.

"बॉनेट उघड. त्या चार वायरी दिसतात? काढ. क्रम ध्यानात ठेव. आता हा पाना घे. चारी प्लग काढ."

विदूची बोटं गारठून लाकडासारखी झाली होती. पाना घसरायचा, सांध्यावरची कातडी सोलायची, तो तोंडात बोट घालून पुन्हा वाकायचा. आप्पा शेजारी उभे राहून बघत होते. त्यांचा उजवा हात काठीवरून सुटायचा, पान्याकडे जायचा आणि तोल जातोय असं वाटलं की परत काठीवर यायचा. असं तीन-चार वेळा झालं. शेवटी त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

प्लग निघाले, ओलेचिंब आणि काळेकुट्ट.

"घालू पुसून?" विदूनं विचारलं.

"थांब. आतली वाफ जाऊ दे. दहा मिनिटं."

"आप्पा, जरा घाई आहे हो."

"इंजिनला नाही घाई."

सव्वासात होऊन गेले होते. माझ्या मनात पहिल्यांदा आलं, हे मुद्दाम तर वेळ काढत नाहीत? मुलगा येईपर्यंत मला अडवून तर ठेवत नाहीत? मला त्यांचा राग आला. आठ महिने ज्या माणसाचं अंग पुसलं, त्या माणसाचा मला त्या थंडीत इतका राग आला की मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

विदू जवळ येऊन हळूच म्हणाला, "शैले, चल चालत जाऊ. फाट्यावर मिळेल एखादी एसटी."

"फाट्याला जायला रस्ता एकच आहे. ते त्याच रस्त्यानं येतात."

"येऊ देत की. आठ दिवस माहेरी जाणार हे माहितीय त्यांना. अडवणार आहेत का?"

नव्हताच अडवणार. आप्पांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "जाऊ दे की." माझी भीती वेगळी होती. तो समोर आला आणि एखादा शब्द बोलला, नुसतं 'कुठं?' असं जरी म्हणाला, तरी मी बॅग उचलून घरात जाईन, ही मला भीती होती. अकरा महिने मी तेवढ्या एका शब्दाची वाट बघत काढले होते. विदूला हे कसं सांगणार?

"शैला," आप्पा म्हणाले, "हे प्लग गॅसवर गरम कर. चिमट्यात धरून. लाल नको करू. चटका बसेल एवढेच."

मी ताटलीत चार प्लग घेऊन स्वयंपाकघरात गेले, गॅस पेटवला आणि पहिला प्लग चिमट्यात धरला. पेट्रोलचा भडका उडाला, मग काजळी धरली. मागून काठीचा आवाज आला. आप्पा दारात येऊन चौकटीला टेकले.

"कपडे घेतले सगळे?"

"हो. स्वेटर घेतलाय, शाल घेतलीय."

"उन्हाळ्याचे?"

मी चिमटा धरून तशीच उभी राहिले.

"उन्हाळ्याचे पण घे," आप्पा म्हणाले. "रोह्याला उकडतं."

"आप्पा, मी..."

"प्लग जळेल. फिरव."

मी फिरवला. दुसरा घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात रिकामा नव्हता.

"तुमचं कसं होईल?" मी विचारलं.

त्यांनी बराच वेळ घेतला. शब्द सापडत नव्हते की सांगायचं नव्हतं, मला कळलं नाही. मग म्हणाले, "झटका आता आला. त्याआधी तोंड होतं ना मला धड? तेव्हाही मी त्याला बोललो नाही. त्याच्या आईशीसुद्धा तो एकदा सात महिने..." पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. त्यांनी उजवा हात नुसता हवेत हलवला. "जा तू."

चारी प्लग गरम झाल्यावर मी ते फडक्यात गुंडाळून विदूकडे पळत नेले. तो ते बसवत होता तेव्हा मी कपाटातल्या सुती साड्या चादरीत बांधल्या आणि ते गाठोडं बॅगेशेजारी टाकलं. विदूनं गाठोड्याकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"आता चोक अर्धा. एकदाच मार," आप्पा म्हणाले.

इंजिन धरलं! सगळी गाडी थरथरली, मागून काळा धूर निघाला. विदू ओरडला, "आली, आली!" आणि पाच मोजेपर्यंत चालून गाडी बंद पडली. दुसऱ्या खेपेला तीन मोजेपर्यंत. तिसऱ्या खेपेला नुसतं टक् टक् झालं. मग तेही नाही.

"बॅटरी गेली," आप्पा म्हणाले. त्याच वेळी कारखान्याचा आठचा भोंगा झाला.

आता ढकलण्याशिवाय उपाय नव्हता. विदू दार उघडं ठेवून, एका हातानं स्टिअरिंग धरून रेटू लागला, मी मागून. अंगणाला चढ होता. चाक अर्धा फेरा जायचं आणि परत यायचं. माझ्या चपला दवानं ओल्या मातीत घसरत होत्या. एकदा गाडी जरा जास्त पुढे गेल्यासारखी वाटली म्हणून वळून पाहिलं, तर आप्पांनी काठी टाकून उजवा खांदा मागच्या काचेजवळ लावला होता. मी "आप्पा, नको!" म्हणेपर्यंत त्यांचा डावा पाय दुमडला आणि ते गुडघ्यांवर खाली आले. आम्ही गाडी सोडली. गाडी होती तिथं मागे गेली. दोघांनी त्यांना काखेत धरून उठवलं, खुर्ची आणून बसवलं. त्यांच्या धोतराला चिखल लागला होता. ते कुणाकडेच बघत नव्हते.

तेवढ्यात लूना वाजली.

प्रल्हाद मफलर गुंडाळून आला. कारखान्यातून आला की त्याच्या कपड्यांना मळीचा वास असायचा. त्यानं लूना भिंतीला लावली, उघडं बॉनेट पाहिलं.

"काय झालं?" त्यानं विदूला विचारलं.

"गारठ्यानं चालूच होईना. आता बॅटरी पण उतरली."

"हात्तिच्या! ढकलू की." त्यानं मफलर काढून खुर्चीवर टाकला. "आप्पा, एवढ्या थंडीत बाहेर कशाला आलात?"

दुसऱ्याच्या अडचणीला धावणारा माणूस होता तो. वस्तीवर कुणाची पाण्याची मोटार बंद पडली की आधी त्याला बोलवायचे. रात्रभर उभ्यानं काम करून आला होता, पण त्यानं चहासुद्धा मागितला नाही. बाह्या सरसावल्या, गाडीभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवरचं गाठोडं त्याला दिसलं असणार. त्यानं त्यावरून नजर काढून घेतली.

"स्टिअरिंगवर कोण?" त्यानं विचारलं.

"मी बसतो," विदू म्हणाला.

"मग मी एकट्यानं ढकलायची का? चढ आहे."

"ती बसेल," आप्पा म्हणाले.

प्रल्हाद बॉनेट बंद करत विदूला म्हणाला, "क्लच कुठला ते दाखवा तिला."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसले. विदूनं गिअर दुसऱ्यात टाकला, किल्ली फिरवून ठेवली. "डावा पाय दाबून धर. मी 'सोड' म्हटलं की सोडायचा. चालू झाली की परत दाब. बाकी काही करू नकोस. स्टिअरिंग सरळ धर."

दोघांनी जोर लावला. गाडी अंगणाचा चढ चढून वाटेवर आली. पुढे कालव्यापर्यंत हलका उतार होता. चाकं जेमतेम फिरायला लागली आणि विदू ओरडला, "सोड!" मी सोडला. गाडीनं गचका दिला आणि जागच्या जागी थांबली. माझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं.

"अहो, एवढ्यात काय!" प्रल्हाद विदूला म्हणाला. "वेग तर येऊ द्या. उतारावर सोडायचा."

मागून आप्पा खुर्चीतून ओरडले. इतका मोठा आवाज त्यांनी आठ महिन्यांत काढला नव्हता. "चालू झाली की थांबवू नका! बॅटरी मेलीय! नाशिकपर्यंत गाडी बंद करू नकोस!"

त्यांनी ते कुणाला सांगितलं, विदूला की मला, कोण जाणे.

दोघं पुन्हा वाकले. वरच्या छोट्या आरशात मला त्यांची डोकी दिसत होती. वाट खडबडीत होती. स्टिअरिंग हातात उड्या मारत होतं. डावा पाय मी इतका घट्ट दाबून धरला होता की मांडी कापायला लागली. उतार लागला. गाडी पळायला लागली. आरशात एक डोकं मागे पडलं, मग दिसेनासं झालं. विदूचा पाय घसरला होता. मी त्याच्या आवाजाकडे कान लावून बसले होते.

"सोड!"

आवाज विदूचा नव्हता.

मला ऐकू आलं, कळलंही. पाय उचलेना. कालव्याचं वळण समोरून येत होतं आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आरशात बघत होते. आरशात तो एकटा होता, तोंडातून वाफा टाकत धावणारा. त्यानं डिकीवर तळहात आपटला.

"शैला! सोड!"

मी पाय सोडला.

गाडी दोनदा उसळली आणि इंजिन असं ओरडलं की बागेतले पक्षी उडाले. मला थांबवता येत नव्हती, वळवता येत नव्हती. डावीकडचं दार उघडलं आणि विदू धावता धावता आत पडला. आडवा होऊन त्यानं स्टिअरिंग धरलं. "दाब, क्लच दाब! सरक इकडे!" मी कशी सरकले आणि तो माझ्यावरून पलीकडे कसा गेला, आठवत नाही. गाडी वळणावर अगदी रांगत होती, पण चालू होती.

विदूच्या कोपरातून रक्त येत होतं. त्यानं धापा टाकत विचारलं, "ऐकलंस तू? बोलले ते. थांबवू का, शैले?"

मी मागे वळून पाहिलं. प्रल्हाद गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. मग तो सरळ झाला आणि एसटीत बसवून दिलेल्या माणसाला करतात तसा त्यानं एक हात वर केला. त्याच्या खूप मागे खुर्चीत बसलेले आप्पा धुरात नीट दिसत नव्हते.

"थांबवू?" विदूनं पुन्हा विचारलं.

"बंद पडेल," मी म्हटलं.

नाशिकला बॅटरी चार्ज करायला टाकली तेव्हा कुठे गाडी बंद केली.

आप्पा पुढं तीन वर्षं जगले. प्रल्हादनं त्यांना सांभाळलं आणि चांगलं सांभाळलं, असं ऐकलं. मला ते पुन्हा भेटले नाहीत.

महिन्याभरानं प्रल्हाद रोह्याला आला. न कळवता, दुपारी तीनच्या सुमाराला. विदू क्लासवर होता. आईनं त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती आत गेली. मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"आप्पा कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे आहेत. अंघोळ मी घालतो." तो माझ्याकडे बघून, सरळ मला म्हणाला.

मग त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला. बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "त्या दिवशी मी बोललो होतो तुझ्याशी."

"हो," मी म्हटलं. "ऐकलं मी."

त्यानं मान हलवली, त्याच्याकडून जे व्हायचं होतं ते झालं असावं तशी. आणि तो वाट बघत बसला. मी आत जाऊन बॅग भरीन, अशी. मीही वाट बघत बसले. खरं सांगायचं तर अगदी कान देऊन बसले होते. बाहेर कुणीतरी नारळ पाडत होतं, त्याचे धप् धप् आवाज येत होते. आत आई भांडी न वाजवता काम करत होती. चार वाजले. साडेचार झाले. तो 'चल' म्हणाला असता तर मी काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. आता माझं वय एकोणसाठ आहे.

पाचच्या पनवेल गाडीच्या हिशेबानं तो उठला. शर्ट नीट केला, चपला घातल्या आणि फाटक आवाज न करता लावून गेला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. "काय म्हणाले गं?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि कपबशी उचलून आत गेले.